सोळाच्या नातीचा बॉल

४ फेब्रुवारी, मंगळवार

सोळा आज दुकानात आला. स्वतःच्या पायांनी!

सोळा म्हणजे माझे वडील. त्याला बाबा म्हणणारी माणसं जगात दोन, मी आणि भाऊ, आणि त्यातली मी म्हणत नाही. इथे बोलिंग सेंटरमध्ये सगळे सोळाच म्हणतात. जन्मभर सोळा पौंडांचा बॉल फेकला, त्याखालच्या बॉलला बोट लावलं नाही, म्हणून सोळा. सव्वासात किलो होतात. त्याहून जड बॉल नसतोच. ह्या नावाचा त्याला कोण अभिमान! कुणी "काय सोळा, कसं काय?" म्हटलं की मिशीतल्या मिशीत हसणार. बॉलना बोटांची भोकं पाडून द्यायचं माझं दुकान सेंटरच्या दारातच, तरी वर्षानुवर्षं समोरून जातो आणि मान भिंतीकडे वळवतो. भिंतीवर काही नाहीये. आग विझवायचा लाल डबा आहे.

आज मात्र काउंटरवर कोपर टेकून उभा. "बारा पौंडांचा एक बॉल मागवायचा आहे."

बारा!! माझ्या हातातली कानस खाली पडायची राहिली.

"हात द्या, माप घेते."

"आज नको. तू मागवून ठेव. रंग कुठलाही."

लहानपणी मी त्याला "अरे बाबा" म्हणायचे. आता "तुम्ही". गिऱ्हाइकाला तुम्हीच म्हणतात.

५ फेब्रुवारी

मशीनवाल्याला सांगितलं. लेनच्या मागे पिना उभ्या करणारी मशीनं तोच सांभाळतो, आणि त्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. तो पोट धरून हसला. "म्हणजे आता हाक काय मारायची? ए बारा?" दुपारपर्यंत बूट देणाऱ्या बाईपासून कॉफीच्या मशीनपाशी उभ्या असणाऱ्या रिकामटेकड्यांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. सोळा उतरला. सोळाचा खांदा गेला.

मी आज दिवसभर गुणगुणत भोकं पाडली. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात ते खोटं. मला आज स्पष्ट ऐकू आला.

कुणी वाचलं तर म्हणेल, काय ही मुलगी, बापाच्या म्हातारपणावर खूश होते. होते! मी तेरा वर्षांची असताना ह्याच माणसानं माझ्या हातात चौदा पौंडांचा बॉल दिला. माझं अंग म्हणजे हाडांचा सापळा. "वजन मनगटात नसतं, मनात असतं." हे त्याचं ब्रह्मवाक्य. "हलक्या बॉलला पिना भीत नाहीत." हे दुसरं. निवड चाचणीच्या आधी मनगटात काहीतरी कट् झालं, तेव्हा तो म्हणाला, "नाटकं पुरे." प्लास्टर घातलं तेव्हा म्हणाला, "कच खाल्लीस." त्यानंतर आजतागायत ह्या विषयावर एक शब्द नाही. मी परत खेळले नाही. उजव्या हातानं बरणीचं झाकण उघडत नाही, थंडीत मनगट किरकिरतं. आणि आता जन्मभर दुसऱ्यांच्या बॉलना भोकं पाडते. अंगठ्याचं, मधल्या बोटाचं, अनामिकेचं. पुढचं भोक, पुढचा बॉल, पुढचा हात.

तेव्हा मला हसू द्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

हसू घशात गेलं.

सोळा आला आणि त्याच्या मागून खारू उड्या मारत आली. खारू म्हणजे माझी भाची, भावाची मुलगी. सतत काहीतरी कुरतडत असते, पेन्सिल, नखं, जॅकेटची चेन, म्हणून खारू. अकरा वर्षांची. माझ्यासारखाच सापळा.

"माप हिचं घे," सोळा म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बारा पौंडांचा बॉल हिच्यासाठी! येत्या पंधरा मार्चला मुलांची निवड चाचणी आहे, ह्या वर्षी आमच्याच सेंटरमध्ये. तिथे खारूला उतरवायचं आहे. गेले तीन-चार महिने तोच शिकवतोय तिला. मला कुणी सांगितलं नाही. मला का सांगतील!

मी तिला काट्यावर उभी केली. पस्तीस किलोही भरली नाही. अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे हिला आठ पौंड, ही झाली फळ्यावर लिहिलेली रीत, पण ती नुसती सुरुवात. खरं काय ते खांदा सांगतो. मी तिला आठचा बॉल दोन्ही हातांत दिला, "छातीसमोर हात सरळ कर," म्हटलं. खांदे जागेवर. दहा दिला. खांदे कानांकडे निघाले. बारा दिला, तर पोरगी अख्खी पुढे वाकली आणि दात विचकून म्हणाली, "जमतंय, आतू!"

"आठ," मी म्हटलं.

"आठ म्हणजे कलिंगड," सोळा म्हणाला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडे बघून म्हणाला. "हलक्या बॉलला पिना भीत नाहीत."

"पिनांना कशाचीच भीती वाटत नाही. प्लास्टिक आणि लाकूड आहे ते. मनगट पोरीचं आहे."

"तुला ह्यातलं काय कळतं? तू खेळलीस किती?"

मी किती खेळले! हे त्यानं मला विचारावं!! कानशिलं तापली. मी म्हटलं, बारा पाडून देणार नाही. तो म्हणाला, "दुकान तुझं आहे की मालकाचं?" आणि तरातरा मॅनेजरच्या खोलीत गेला. खारू तिथेच उभी, जॅकेटची चेन चावत.

९ फेब्रुवारी

कप फोडला. माझाच. चांगला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅनेजर सायबांनी बोलावलं. साठीवरच्यांची सगळी मंडळी सोळाच्या शब्दावर आपल्याकडे खेळायला येतात, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, घरची भांडणं घरी. मी म्हटलं, "साहेब, उद्या कुणी रांगत्या बाळासाठी सोळा मागितला तर?" ते म्हणाले, "तर बाळाचं माप घ्यायचं." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

आणि मी नाही म्हणून काय होणार? बसस्टँडजवळच्या दुकानात तोच बॉल दहा मिनिटांत पाडून देतील. वर चावी अडकवायची साखळी फुकट.

१३ फेब्रुवारी

भावजयीला फोन केला. सगळं सांगितलं. माझ्या हाताचं, चौदाच्या बॉलचं, सगळं.

"अहो ताई, मी काय बोलणार? ते माझं ऐकतात का? तुम्हीच सांगा ना."

मी सांगितलं तेव्हा काय झालं ते तिला माहीत आहे. तरी "तुम्हीच सांगा ना". नवऱ्याला दे म्हटलं, तर आमचे बंधुराज फोनवर आले आणि मिठाची गुळणी धरून उभे. मी बोलतेय, बोलतेय, तिकडून फक्त "हं". शेवटी म्हणाला, "ताई, पोरगी खूश आहे गं. आजोबांबरोबर असते. घरात शांतता आहे."

शांतता! माझंही प्लास्टर घालेपर्यंत घरात शांतताच होती. तेव्हा हे महाशय टेबलाखाली गाड्या खेळत होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खारूचा सराव बघितला. काचेआडून. बघायचं नव्हतं, पण कोपऱ्यातल्या लेनवर होते आणि दुकानातून दिसतं.

सेंटरचा बाराचा बॉल. ती चार पावलं चालते, हात मागे नेते आणि तिथेच सगळं संपतं. बॉल तिला ओढून नेतो. उजवा खांदा खाली, कंबर वाकडी, आणि सोडताना मनगट मागे दुमडतं. बॉल घरंगळत जाऊन कडेच्या खाचेत. परत. परत खाचेत. सोळा मागे हाताची घडी घालून. "मनात आण! मनात आण!" मनात काय आणणार ती, बॉल हातात आहे.

एकदा कुठे चार पिना पडल्या तर म्हणाला, "बघ. भ्यायल्या."

मग ते झालं. सोळा आपला गुणांच्या फळ्याकडे बघत होता. खारूनं उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं मनगट चोळलं. चेहरा हसरा. डोळे आजोबांवर, ते वळतायत का बघत. तो वळला, तिनं हात सोडला.

मी अशीच चोळायचे. अशीच, पाठीमागे, त्याला दिसू नये म्हणून. मला वाटायचं हे माझं मीच शोधून काढलंय.

दुकान अर्धा तास बंद ठेवलं.

१६ फेब्रुवारी

बुटांच्या खिडकीपाशी खारूला गाठली.

"मनगट दुखतं?"

"नाही." मग, "आजोबांना सांगू नकोस."

"दुखत नाही तर काय सांगू?"

ती विचारात पडली. हुशार आहे, पण अकराच वर्षांची. "थोडंसंच दुखतं. सगळ्या चॅम्पियनचं दुखतं."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला माहितीये."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हटलं, "आठचा घेतलास तर सरळ जाईल. माझ्यावर विश्वास ठेव."

"आतू, आठचा लहान मुलं घेतात. वाढदिवसाला येतात ना, ती." मग हळूच म्हणाली, "मला बारा जमला की आजोबा मला 'बारा' म्हणणार आहेत."

मला चौदा म्हणणार होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बॉल मागवला. खरं म्हणजे दोन मागवले, एक बारा आणि एक आठ, दोन्ही निळे. आज आले. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरून फरक शून्य. बोलिंगच्या बॉलचं हेच असतं, आकार सगळ्यांचा सारखा, जे काय कमीजास्त ते आत. ओळखायचं ते कोरलेल्या आकड्यावरून. नाहीतर हातानं.

आठ घासून काढायचं. तिथे बारा कोरायचं. आकडे कोरायचं मशीन माझ्याच टेबलावर आहे.

फसवणूक? हो. पण मी काही तो बॉल खपून जाईल म्हणून करत नाहीये. तो खपणारच नाही! सोळाला डोळे बांधून बॉल द्या, पाव पौंडाचा फरक सांगतो. आमच्या लहानपणी ह्यावर पैजा लागायच्या, लोक ओळीनं बॉल आणून त्याच्या हातात द्यायचे आणि तो कपड्यावरची धूळ झटकावी तसा सहज आकडा सांगायचा. हा आठचा हातात घेतल्या घेतल्या भडकेल. भडकू दे! सगळ्यांसमोर भडकू दे. मग मी बोलेन. घरात बोलून उपयोग नाही, तिथे सगळे मूग गिळून बसतात. इथे लोक असतील. त्याला जिथे मान आहे तिथे बोलेन. तीस वर्षं गिळलंय ते सगळं.

पाहिजे तर नोकरी जाऊ दे.

२४ फेब्रुवारी

भोकं पाडली. खारूच्या बोटांना अगदी बेतानं, अंगठा थोडा सैल, म्हणजे ओढ बसणार नाही. कडा हातानं घासल्या. चांगलं काम झालंय. माझ्या हातून ह्याहून चांगलं झालेलं आठवत नाही. आकडाही सुबक. बारा.

भाषण पाठ केलं. आरशासमोर. तीनदा रडू आलं, चौथ्यांदा नाही. आता तयार आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बोलावलं तसा सोळा आला. संध्याकाळची गर्दी मुद्दाम निवडली होती. साठीवरची मंडळी, मॅनेजर, मशीनवालासुद्धा हात पुसत बाहेर आलेला. त्याला मी तसं सुचवलंच होतं, आज काहीतरी बघायला मिळेल म्हणून. खारू टाचा उंच करून काउंटरवरून बघत होती.

मी बॉल ठेवला. सोळानं दोन्ही हातांनी उचलला. मग उजव्या तळव्यावर घेतला, नेहमी घ्यायचा तसा. थोडा वर केला. खाली केला. पहिलं वाक्य जिभेवर.

त्यानं बॉल फिरवून आकडा बघितला. मग माझ्याकडे. मग पुन्हा बॉलकडे.

"बारा," तो म्हणाला. "बरोबर आहे."

आणि खारूच्या हातात दिला!

खारू धावत लेनवर गेली, चार पावलं, हात सरळ मागे, सरळ पुढे, आणि बॉल सुटला. खांदा खाली नाही, कंबर वाकडी नाही. आठ पिना पडल्या. "आजोबा! हा बारा किती छान आहे! सेंटरचा बारा वाईट आहे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर सायबांनी माझी पाठ थोपटली. मी पावती केली.

२७ फेब्रुवारी

कळलं नाही त्याला. चार पौंडांचा फरक, आणि कळला नाही! चार! कुणीही सांगेल. बूट देणारी बाई सांगेल.

मशीनवाला म्हणाला, "तुला माहीत नाही? लॉकरमधला त्याचा सोळा नुसता पडून आहे. थंडी सुरू झाल्यापासून बाहेर काढला नाही. लॉकरपाशी येतो, बूट काढतो, बूट ठेवतो." परवा म्हणे कॉफीचा कपही दोन्ही हातांनी धरला होता.

हात गेला म्हणजे. नुसता खांदा नाही, हातातली जाण गेली.

आनंद झाला का? झाला. थोडा वेळ. मग राग आला, आणि हा राग आधीच्यापेक्षा वाईट आहे कारण तो घेऊन जायला जागाच नाही. मी एवढी वर्षं ज्याच्याशी मनातल्या मनात भांडतेय तो हा नव्हेच. हा एक म्हातारा आहे ज्याला आठ आणि बारा कळत नाहीत. ह्याला आता काय सुनावणार? बहिऱ्यापुढे गाऊन काय मिळतं? चोर! माझं भांडणसुद्धा घेऊन गेला.

४ मार्च, मंगळवार

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जो भेटेल त्याला सांगतोय, "नात बारा फेकते. अकरा वर्षांची आहे, बारा फेकते." माझ्या दारात उभं राहून सांगतो, मला ऐकू जाईल असं. आज एका बापानं येऊन त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला बारा मागितला! मी त्या माणसावर अशी खेकसले की तो बूट न बदलता गेला.

खारूचं मात्र छान चाललंय. मनगट चोळत नाही. मी रोज बघते.

एक विचित्र. सोळा हल्ली "मनात आण" म्हणत नाही. काल तर म्हणत होता, "जोर नको लावू. हात सैल सोड. घाई केलीस की उजवीकडे जाईल." हे हलक्या बॉलचं शिक्षण आहे. बाराला कुणी असं सांगत नाही. विसरायला लागला असेल. डोकंही गेलं वाटतं.

९ मार्च

खारूनं आज सगळ्या दहा पाडल्या. उडी मारून दुकानात आली, काउंटरवरची माझी पट्टी खाल्ली.

१३ मार्च, गुरुवार

तोंडचं पाणी पळालंय.

चाचणीची माणसं आज आमच्या सेंटरमध्ये काटा लावायला आली. काटा! प्रत्येक मुलाचा बॉल खेळण्याआधी तोलतात. शिकवणाऱ्यानं सगळ्यांसमोर वजन मोठ्यानं सांगायचं, मग बॉल काट्यावर, आणि सांगितलेलं वजन आणि काटा जुळला नाही तर मूल बाद. दरवर्षी असतं. माझ्याही वेळी होतं! आणि ह्या धंद्यात अर्धं आयुष्य घालवून हे मी विसरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोळा छाती पुढे काढून सांगणार, "बारा." काटा म्हणणार, आठ. खारू तिथे उभी, सगळ्या मुलांसमोर. बाद. वर हेही कळणार की ती इतके दिवस वाढदिवसाच्या मुलांचा बॉल फेकत होती. मनगट मी वाचवलं आणि पोरीचं नाक कापलं. त्यानं जे केलं ते जड बॉलनं केलं, मी हलक्या बॉलनं. दोघांनी तिला विचारलं नाही, ह्यात काय तो फरक?

नाही. फरक आहे. तिचं मनगट शाबूत आहे. तरीपण.

१४ मार्च

सकाळी भावाच्या घरी गेले. म्हटलं, बॉल द्या, पॉलिश करून आणते. दुकानात नेऊन आकडा बदलीन आणि खारूला नीट समजावून सांगेन, असं ठरवलं होतं. सोळाला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं.

सोळा दारातच उभा. आत ये म्हणाला नाही. मागे भावजय फडकं हातात घेऊन, चेहरा असा की भांडण आधी लागू दे मग मी मधे पडते.

"पॉलिशची गरज नाही."

"उद्या बॉल तोलतात. मला जरा बघू द्या."

"मला काय तोलतात ते माहीत आहे. तू जन्मायच्या आधीपासून बघतोय." मग म्हणाला, "बॉल बरोबर आहे. तू तुझं काम केलंस."

उर्मट! शेवटपर्यंत उर्मट. मी जिन्यात उभी राहून म्हटलं, "तुमच्या हाताला आता काही कळत नाही, एवढंच सांगायला आले होते." मोठ्यानं म्हटलं, पण दार लागलं होतं. ऐकलं असेल, नसेल.

उद्या लवकर जाते. पंचांना आधीच गाठून सांगते, चूक माझी, आकडा मी कोरला, पोरीला बाद करू नका. मॅनेजर काढून टाकेल. टाकू दे. खारूचं तोंड मात्र बघवणार नाही.

१५ मार्च, शनिवार

पंच उशिरा आले. गर्दीतून मी काट्यापर्यंत पोचेपर्यंत खारूची पाळी लागलेली. मागे आमचं अख्खं सेंटर. पंचांनी विचारलं, "वजन?" मी ओरडायला तोंड उघडलं.

"आठ," सोळा म्हणाला.

पंचांनी बॉल फिरवला. "इथं तर बारा कोरलंय."

"बारा मी मागितला होता. माझ्या मुलीनं आठ दिला." माझ्याकडे बघितलं नाही. आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बारानं पोरींची मनगटं जातात. मी बघितलंय."

काटा आठवर थांबला. खारूनं बॉल उचलला आणि गेली खेळायला, जशी काही ही गोष्ट तिला केव्हापासून ठाऊक होती.

म्हणजे हातात घेतला तेव्हाच त्याला कळलं होतं.

मी मशीनच्या मागे जाऊन रडले. तिथे आवाज इतका असतो की कुणाला काही ऐकू जात नाही.